डावा हात डोक्यावर

"खांद्यातून हातात उतरणाऱ्या दुखण्यावर लिहा," असं या अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर सांगितलं. "कारणं द्या, लक्षणं द्या, आणि शेवटी थोडे घरगुती उपाय. लोक ते पान कापून फ्रिजवर चिकटवतात." मला नेमकी त्याचीच भीती वाटते. फ्रिजवरचे उपाय करून करून अवघडलेले खांदे मोकळे करण्यात माझी हयात गेली आहे. तेव्हा उपाय मिळणार नाहीत. कारणं सांगते, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे माणसांसकट.

मी फिजिओथेरपिस्ट. बडोद्याच्या अकोटा भागात एक जिना चढून वर माझं क्लिनिक होतं. अलीकडेच ते एका जुन्या विद्यार्थिनीच्या हवाली केलं, कारण दुसऱ्यांचे सांधे हलवता हलवता माझीच बोटं संपावर गेली. आम्ही नेमकं काय करतो हे लोकांना अजून धड ठाऊक नसतं. कुणाला वाटतं आम्ही मालिश करतो, कुणाला वाटतं मशीन लावून चहा प्यायला जातो. बडोद्यात माझं नाव 'कसरतवाळां बेन' असं पडलं होतं आणि माझी त्याला काही हरकत नव्हती. डॉक्टर गोळी देतात, ती पेशंट गिळतो आणि काम झालं. आमची गोळी पेशंटला स्वतःच रोज घाम गाळून तयार करावी लागते, म्हणून आमच्यावर रागही जास्त.

खांद्याचं दुखणं ओळखताना पहिला धडा असा, की दुखतं तिथेच बिघाड असतो असं नाही. भिंतीला ओल हॉलमध्ये दिसते आणि गळती वरच्या मजल्यावरच्या न्हाणीत निघते, तसलाच प्रकार. खांद्यात सुरू होऊन हातात उतरणारी कळ खुद्द खांद्याची असू शकते, मानेची असू शकते, हृदयाची असू शकते. क्वचित पित्ताशयाची किंवा फुप्फुसाचीही असते. कधी कधी नागीण उठायच्या आधी नुसती आग होते आणि पुरळ मागाहून येतं. पेशंट मात्र येताना निदान बरोबर घेऊनच येतो: "ताई, नस चढली आहे, तेवढी उतरवून द्या."

खुद्द खांदा बिघडला की बायकांच्या बाबतीत मला ते त्यांनी तोंड उघडायच्या आधीच कळायचं. वाडी या शहरातल्या जुन्या मराठी वस्तीतल्या एक मावशी, जन्मभर अंबाडा घालणाऱ्या, एकदा मानेपर्यंत केस कापून आल्या. सून कौतुकानं सांगत होती, "बघा, आईंनी या वयात फॅशन केली." मी मावशींना म्हटलं, "पाठीला साबण लावून दाखवा." हात कमरेच्या मागे जाईना. अंबाडा घालायला हात वर पोचत नव्हता, आणि ते सुनेला सांगायची लाज वाटली म्हणून त्या सलूनमध्ये जाऊन बसल्या होत्या. याला आम्ही फ्रोझन शोल्डर म्हणतो. खांदा हळूहळू आखडतो, दंडात दुखतं, त्या कुशीवर झोपता येत नाही. मधुमेह असणाऱ्यांना जास्त होतो आणि बरा व्हायला महिनेच्या महिने घेतो, पण बहुतेकांचा बरा होतो. मावशींचाही झाला. अंबाडा मात्र त्यांनी परत घातला नाही, कारण मोकळ्या मानेला वारा लागतो हे त्यांना तोवर आवडायला लागलं होतं.

हृदयाचा किस्सा वासी उत्तरायणाच्या दिवसाचा. आमच्या गावात संक्रांतीचा दिवस आणि दुसरा वासी दिवस, असे दोन दिवस सगळं शहर पतंग उडवायला गच्चीवर असतं, आणि तिसऱ्या दिवशी निम्मं माझ्याकडे. वर बघून माना धरलेल्या, दोरी खेचून खांदे भरलेले. असेच एक शेठ वासी उत्तरायणाच्या सकाळीच डावा खांदा दाबत आले. "बेन, दोरी खेंची खेंचीने खभो रही गयो. जरा शेक करी आपो ने." मी त्यांचा हात वर केला, मागे नेला, फिरवला. लोण्यासारखा फिरला, कुठे हूं नाही की चूं नाही. पण माझा जिना चढून आल्यापासून त्यांना धाप लागली होती, आणि जानेवारीच्या थंडीत कपाळावर घाम होता. हात हलवून न दुखणारा आणि जिना चढल्यावर दुखणारा खांदा हा खांदा नसतो. मी त्यांना टेबलावर घेतलंच नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. ते मला सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. वेळेत पोचले, वाचले, आणि पुढच्या उत्तरायणाला त्यांच्याकडून उंधियूचा डबा आला. आपलंही असं काही झालं, छातीत दडपण, घाम, धाप आणि हातात कळ, तर कसरतवाळ्या बाईंना शोधत बसू नये, सरळ हॉस्पिटल गाठावं. एवढं मात्र फ्रिजवर चिकटवायला माझी परवानगी आहे.

आता मानेची गोष्ट, आणि ती मुकुंदरावांची आहे. नावं बदलली आहेत आणि लिहिण्यापूर्वी त्यांना विचारलं आहे. त्यांनी एकच अट घातली, वय कमी करून लिहायचं. म्हणून वय लिहीतच नाही.

मुकुंदराव वाडीत राहतात. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात, आजोबा दफ्तरात, वडील सरकारी कचेरीत आणि हे सरकारी बांधकाम खात्यात. अशा घरांत मनातलं काही सांगायचं झालं तर जणू वरच्या साहेबाची सही लागते. त्यांच्या पत्नी नीलाताई गुडघ्यांसाठी माझ्याकडे यायच्या. गुडघ्याचे व्यायाम कंटाळवाणे, त्यामुळे ते करता करता घरची सगळी बातमी मला मिळायची. एकुलती मुलगी ऋचा शहराच्या गोत्री भागातल्या एका ऑफिसात नोकरीला, तिथल्याच हार्दिकशी तिचं जमलं, मुलगा गुजराती, माणसं चांगली, साखरपुडा झाला, आता कमुरता संपला की माघात लग्न. कमुरता म्हणजे संक्रांतीच्या आधीचा तो महिना, ज्यात गुजराती घरांत शुभकार्य करत नाहीत.

तर उत्तरायण नुकतं झालेलं. नीलाताई टेबलावर आडव्या झाल्या, पाय उचलला, आणि तो तसाच हवेत ठेवून रडायला लागल्या.

"काय झालं? दुखलं का?"

"गुडघा गेला खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "ऋचाचं लग्न मोडतंय, ताई."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग जे कळलं ते असं. दिवाळीपासून मुकुंदराव डोक्यावर हात घेऊन बसायला लागले होते. जेवताना, टीव्ही बघताना, देवघरासमोरसुद्धा. आपल्याकडे हे किती वाईट समजतात ते सांगायला नको. घरात कुणी गेल्यासारखं दिसतं. नीलाताई ओरडायच्या, "अहो, लग्नघर आहे, हात खाली घ्या, अवलक्षण नुसतं!" ते हात खाली घ्यायचे, तोंड वाकडं करायचे, आणि थोड्या वेळानं हात पुन्हा वर. बरं, विचारलं तर "काही नाही." नीलाताईंनी मनाशी समजूत करून घेतली की जावई गुजराती म्हणून हे आतून खचले आहेत. ऋचानंही तीच समजूत करून घेतली, कारण स्थळाला होकार देताना बाबांनी "बरं आहे" एवढंच म्हटलं होतं. त्या घराण्यात "बरं आहे" म्हणजे पेढे वाटण्याइतका आनंद, पण हे त्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि मग उत्तरायण. हार्दिकची आई हंसाबेन यांनी व्याह्यांना हौसेनं गोत्रीला आपल्या गच्चीवर बोलावलं. सगळे नातेवाईक जमवले, उंधियू, जिलेबी, मोठे स्पीकर. हार्दिकनं मुकुंदरावांच्या हातात मांजाची फिरकी दिली आणि आकाशाकडे बोट दाखवलं. मुकुंदरावांनी क्षणभर वर पाहिलं, पांढरेफटक पडले, फिरकी खाली ठेवली, आणि पाण्याच्या टाकीच्या आडोशाला जाऊन डोक्यावर हात घेऊन बसले. आजूबाजूच्या गच्च्यांवरून "काप्यो छे!" चा जल्लोष, आणि हे असे. हंसाबेनच्या थोरल्या जाऊबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "वेवाई माथे हाथ दईने केम बेठा छे? कंई अशुभ थयुं के शुं?"

"काल हंसाबेनचा फोन आला," नीलाताई म्हणाल्या. "म्हणाल्या, 'नीलाबेन, तमारे आ लगन करवां छे के नथी करवां? चोख्खुं कही दो.' त्यांचं तरी काय चुकलं? आणि ऋचानं ते ऐकलं. म्हणते, बाबांच्या मनाविरुद्ध मी करणार नाही. रविवारी हार्दिकला भेटून नाही सांगते म्हणते."

मी विचारलं, "कुठला हात?"

"म्हणजे?"

"डोक्यावर ठेवतात तो. डावा की उजवा?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं. "डावा. जेवताना उजवा मोकळा नसतो ना."

"आणि जेवत नसतात तेव्हा?"

"तेव्हाही... डावाच. नेहमी डावाच. का हो?"

दुःखी माणूस हात निवडत नाही. जो हाताशी येईल तो कपाळाला लावतो. पण मानेच्या मणक्यातून निघून हातात जाणारी नस जर मुळाशी दाबली गेली, तर माणूस नकळत त्या बाजूचा हात डोक्यावर ठेवतो, कारण तसं केल्यानं नसेवरचा ताण सैल पडतो, कपडे वाळत घालायची ताणलेली दोरी एका टोकाला ढिली केली की पडते तशी. हे आम्हाला कॉलेजात शिकवतात. पण पुस्तकातल्या चित्रात तो माणूस एकटाच बसलेला असतो. त्याच्या शेजारी "अवलक्षण!" म्हणून ओरडणारी बायको आणि रुसलेले व्याही कुठल्याच पुस्तकात नाहीत.

अर्थात हा झाला माझा अंदाज. आणि हात डावा होता, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती. मी नीलाताईंना एवढंच म्हटलं, "उद्या त्यांना घेऊन या."

"ते नाही यायचे. त्यांना म्हणे काही होत नाही."

"मग सांगा की तुमच्या गुडघ्याबद्दल मला नवऱ्याशी बोलायचं आहे." या निरोपावर नवरे येतात, असा माझा अनुभव आहे. स्वतःसाठी येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आले. पांढरा स्वच्छ शर्ट, ताठ बसलेले, आणि डावा हात उजव्यानं पोटाशी धरलेला. मी रीतीपुरतं गुडघ्याबद्दल बोलले आणि मग विचारलं, "मुकुंदराव, डावा हात कधीपासून दुखतोय?"

नीलाताईंनी झटकन त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "छे छे, तसं काही नाही." मग माझ्याकडे वळून, "हिला जरा बाहेर बसू देता का?"

दार लागलं तसा ताठ माणूस खुर्चीत खचला. "दिवाळीपासून," ते म्हणाले. "मानेपासून सुरू होतं, दंडातून खाली, इथे अंगठ्यापर्यंत. मुंग्या येतात. मला माहीत आहे ते काय आहे, ताई. माझे थोरले बंधू असाच डावा हात धरून गेले."

"आणि तुम्ही दाखवलं नाहीत?"

"दाखवलं की ॲडमिट करणार. लग्न पुढे जाणार. आणि त्यातून माझं काही झालं तर वर्षभर घरात कार्य नाही. वर्षभर कोण थांबतं? एकदा अक्षता पडल्या की दाखवणारच होतो."

"आणि त्याआधीच गेला असतात तर?"

"म्हणून तर जिना सावकाश चढतो," ते म्हणाले. अगदी गंभीरपणे म्हणाले.

मला त्यांचा भयंकर राग आला. दिवाळीपासून हा माणूस रोज मरणाची वाट बघत होता, आणि घरचे त्याला हात खाली घ्यायला सांगत होते. सोसणाऱ्या माणसांवर माझा जन्मभर राग आहे. सोसणं हा आपल्याकडे सद्गुण मानतात. त्यापायी माझ्याकडे उशिरा पोचलेली माणसं आठवली की अजून झोप उडते, आणि त्यातल्या काहींसाठी मला काहीच करता आलं नाही.

"मी तुमच्या मानेला हात लावणार नाही," मी म्हटलं. "आधी हृदय. आत्ता."

"आणि त्यात काही निघालं तर?"

"निघालं तर उपचार होतील आणि तुम्ही लग्नात उभे असाल. नाही तपासलंत तर मला काहीच सांगता येत नाही."

ते दाराकडे बघत राहिले. "हिला काय सांगायचं?"

"खरं. पण तुम्ही सांगायचं. पेशंटचं गुपित मला फोडता येत नाही, बायकोजवळसुद्धा."

मी क्लिनिकला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं रिक्षानं जवळच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे निघालो. रिक्षातच त्यांनी सांगितलं, समोरच्या आरशाकडे बघत. नीलाताई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आणि मी रोज हात खाली घ्यायला लावत होते." मग त्यांनी नवऱ्याचा डावा हात उचलला आणि स्वतः त्याच्या डोक्यावर ठेवला. रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला काय वाटलं असेल ते असो.

कार्डिओग्राम झाला, सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय उत्तम आहे. मुकुंदराव बाहेर आले ते जवळजवळ नाराजच. "मग मला झालंय तरी काय?"

ते मात्र मला दाखवता येणार होतं. क्लिनिकमध्ये आल्यावर मी त्यांना बसवलं, मान जरा मागे आणि डावीकडे कलती केली आणि वरून अगदी हलका दाब दिला. कळ सरळ अंगठ्यात उतरली. "हेच! हेच ते!" ते ओरडले. हरवलेला नातेवाईक भेटावा तसा आनंद त्यांच्या तोंडावर होता. मी त्यांचा हात डोक्यावर ठेवला. कळ ओसरली.

"पण हे तर मी घरीही करतो."

"निदान तुम्ही घरीच केलं होतंत," मी म्हटलं. "फक्त त्यापायी शिव्या खाल्ल्यात."

मग डोळे मिटायला सांगून मी कापसाचा बोळा त्यांच्या बोटांवरून फिरवला. करंगळीला कळलं, मधल्या बोटाला कळलं, तर्जनीला अंधुक. अंगठ्यावर कापूस होता आणि ते विचारत होते, "लावला का?" त्यांना मी सांगितलं नाही, पण मला जरा काळजी वाटली. हातातली ताकद मात्र शाबूत होती. मणक्याच्या डॉक्टरांनी एमआरआय काढला. मानेतली एक चकती सरकून नसेच्या मुळाशी टेकली होती. ताकद कमी होत गेली, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर शस्त्रक्रियेचा विचार तातडीनं करावा लागतो. तसं काही नव्हतं. अशी बहुतेक दुखणी चाकू न लावता, थोडी औषधं, थोडी विश्रांती आणि योग्य व्यायाम यांवर उतरतात. हे मी त्यांना दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा त्यांनी ऐकलंच नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला मानेला नेमकं काय केलंत, असं विचारलं तर साहेब म्हणाले, "काही नाही. हॉलचं छत रंगवलं. लग्नघर ना. रंगाऱ्याचं काम मला पसंत पडत नाही." स्टुलावर चढून, मान मागे टाकून, आख्खं छत, तेही रंगाचे दोन हात देऊन.

एवढं सगळं होऊन त्यांनी आम्हा दोघींना बजावलं, की ऋचाला आणि व्याह्यांना कळता कामा नये. मुलीकडच्यांनी लग्नाच्या तोंडावर आजाराची वाच्यता करायची नसते. मी म्हटलं, "तिकडे लग्न मोडायला निघालंय आणि तुम्ही कसली वाच्यता लपवताय?" ते म्हणाले, "लग्न झालं की सांगू." माझ्या तोंडाला कुलूप होतं. नीलाताईंच्या तोंडाला मात्र आईचं मन होतं. शनिवारी त्यांनी ऋचाला एवढंच सांगितलं, "बाबा अकोट्याला ताईंकडे आहेत. जाऊन बघून ये." का, ते काही सांगितलं नाही.

मुकुंदराव टेबलावर बसले होते, मानेला गरम शेक, डावा हात डोक्यावर. ऋचा आत आली. तिनं ना शेक पाहिला, ना टेबल पाहिलं. हात तेवढा पाहिला.

"इथेही?" ती म्हणाली. मग एकदम तिचा आवाज फुटला. "बाबा, तुम्हाला नको असेल ना, तर नको. मी उद्या कशाला, आजच सांगते हार्दिकला. मला चालेल. फक्त तुम्ही असे बसू नका हो. मला बघवत नाही."

माझ्या धंद्यात हात चालवण्यापेक्षा तोंड बंद ठेवणं जास्त अवघड असतं. मी शेकाचं मशीन बंद केलं आणि भिंतीकडे बघत उभी राहिले.

"नको?" मुकुंदराव म्हणाले. "मला नको आहे असं कोण म्हणालं?"

"तुम्ही कधी काही म्हणता का?"

"अगं, छत कुणी रंगवलं?" ते जवळजवळ ओरडलेच. "नाराज माणूस छत रंगवतो का? मला तो मुलगा आवडतो. त्या दिवशी त्यानं सगळ्यांना सोडून मला फिरकी दिली. आणि मला वर बघता आलं नाही गं. मला वाटलं, इथेच जातोय मी, यांच्या गच्चीवर. तुझं लग्न अडेल म्हणून बोललो नाही. मानेचं आहे सगळं, हे आता कळलं. ताईंना विचार."

ऋचा माझ्याकडे वळली. मी मान हलवली. ती त्यांच्या शेजारी टेबलावर चढून बसली, शाळेतली मुलं कट्ट्यावर बसतात तशी.

"आणि तुम्ही खरंच गेला असतात तर, बाबा?"

"तर तुझं लग्न आधी व्हावं एवढंच..."

"मला लग्नात बाबा हवे आहेत," ती म्हणाली. "नुसतं लग्न नकोय." आणि मग दोघंही रडली. मी त्यांना रडू दिलं आणि पुढच्या पेशंटला बाहेर थांबवलं.

फोन मुकुंदरावांनी स्वतः लावला. जन्मभर बडोद्यात राहून त्यांचं गुजराती अजून शाळेतल्या निबंधासारखं आहे. "हंसाबेन, मुकुंद बोलुं छुं. मने लगननो वांधो नथी. मने गरदननो वांधो छे." पलीकडे काय झालं कुणास ठाऊक, पण जरा वेळानं हंसाबेन हार्दिकला घेऊन माझा जिना चढून आल्या. गोत्रीहून अकोट्याला त्या इतक्या लवकर कशा पोचल्या ते मी हार्दिकला विचारलं नाही.

त्यांनी मुकुंदरावांना नुसतं फैलावर घेतलं. "आटलुं बधुं सहन कर्युं ने एक शब्द न बोल्या, वेवाई? अमारे त्यां तो माथुं दुखे तोय आखी सोसायटीने खबर पडे!" मग खुर्चीत बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मने एम के अमे तमने ओछां पड्यां." आपण यांना कमी पडलो, एवढंच त्या बाई त्या गच्चीपासून मनात घेऊन बसल्या होत्या. मुकुंदरावांनी हात जोडले. डावा हात जोडताना कळ आली ती सगळ्यांना दिसली.

"तो लगन थोडां पाछळ लई जईए?" हंसाबेननी विचारलं. लग्न पुढे ढकलू या का, या ज्या वाक्याला मुकुंदराव दिवाळीपासून भीत होते तेच हे वाक्य.

ते माझ्याकडे बघायला लागले. व्याही, विहीण, मुलगी, जावई, सगळेच माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "लग्न तारखेला होऊ दे. पण यांनी काही उचलायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही, मोबाइलमध्ये मान घालायची नाही, आणि दुखलं तर बोलायचं." शेवटची अट सगळ्यात जड होती. हंसाबेन म्हणाल्या, "ती अट पाळून घ्यायचं काम माझ्याकडे लागलं." त्या रोज सकाळी फोन करून व्याह्यांना विचारायच्या, आज कुठे दुखतंय, आणि पूर्ण उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवायच्या नाहीत. माझ्या साऱ्या उपचारांपेक्षा याचा गुण जास्त आला असं माझं प्रामाणिक मत आहे. मुकुंदराव व्यायाम चोख करायचे, कारण एकदा नियम दिला की पाळायचा हे त्यांच्या रक्तातच आहे. कळ हळूहळू दंडाच्या वर सरकत गेली. हे चांगलं लक्षण असतं. अंगठ्याचं मात्र मी त्यांना काही वचन दिलं नव्हतं. बधिरपणा सगळ्यात शेवटी जातो, आणि कधी कधी थोडा राहतोही.

माघातलं ते लग्न मी पुढच्या रांगेत बसून पाहिलं. मंगलाष्टकं आपली, जेवण त्यांचं, आणि भांडण कुणाचंच नाही. मुकुंदराव सोवळं नेसून पाटावर बसले होते. कन्यादानाच्या वेळी भटजींनी डोळे मिटून संकल्प करायला सांगितलं. त्यांनी डावा तळवा खाली धरला आणि त्यावर ऋचाचा हात घेतला. खांदा पडला आहे का, मान ताठ आहे का, हेच मी बघत होते. सवय जात नाही.

जेवणाच्या वेळी ते मला शोधत आले. मला वाटलं, दुखायला लागलं. त्यांनी डावा हात पुढे केला आणि म्हणाले, "ताई, तिच्या हाताला घाम आला होता."

मी आपली धंदेवाईक. विचारलं, "तुम्हाला कसं कळलं? दिसला?"

"डोळे मिटलेले होते," ते म्हणाले. "अंगठ्याला कळलं."